सैतानाशी करार केलेला पोप? छे!

फ्रान्समधल्या ओरियाक गावात पोप सिल्व्हेस्टर दुसरे यांचा ब्राँझचा पुतळा आहे, 1851 मध्ये बसवलेला. याच पोपबद्दल शतकानुशतके सांगितलं गेलं की त्यांनी सैतानाशी करार करून पद मिळवलं, आणि मरताना घाबरून आपल्या देहाचे तुकडे करायला सांगितले.

मूळ नाव जेर्बेर. ओरियाकच्या मठात शिकले, मग आजच्या स्पेनमधल्या कॅटलोनियात गणित. पुढे त्यांनी एक गणनफळा बनवून घेतला: 27 रकाने आणि शिंगाच्या हजार सोंगट्या, त्यांवर 1 ते 9 अंक. हे अंक मूळचे आपल्याकडचे, अरबांमार्फत स्पेनात पोचलेले. रोमन आकड्यांनी गुणाकार करून बघा, म्हणजे लोकांना यात जादू का दिसली ते कळेल!

ते 999 ते 1003 पोप होते. सैतानाची कथा मात्र अकराव्या शतकाच्या अखेरीस, त्या वेळच्या पोपच्या विरोधी गटातल्या एका कार्डिनलच्या (चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या) लिखाणात येते. म्हणजे राजकीय चिखलफेकच. बाराव्या शतकात तिला आणखी मीठमसाला लागला.

आणि तुकडे? 1648 मध्ये रोमच्या लॅटरन चर्चमधली कबर उघडली, तेव्हा देह अखंड होता.