एकाच कुरणावर इतके क्रौंच का?

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत कधीही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या जास्पर-पुलास्की अभयारण्यात सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावं. सँडहिल क्रेन, म्हणजे उत्तर अमेरिकेतले क्रौंच, दिसण्याआधी ऐकू येतात. तोंडात पाणी धरून कुणी तुतारी फुंकावी तसा घरघरता, लांबवर जाणारा आवाज. या क्रौंचाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, त्याची ही करामत. मग मक्याच्या शेतांवरून रांगांमागून रांगा येतात आणि लांबलचक पाय खाली सोडून ‘गूज पाश्चर’ नावाच्या कुरणात उतरतात. अंधारलं की जवळच्या उथळ पाण्यात उभ्याउभ्याच झोप. पाण्यातून शिकारी प्राणी आला तर चाहूल लागतेच.

शिकागोहून येणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. अभयारण्य ज्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) पसरलंय, त्यांतली जास्पर शिकागोच्या वेळेवर चालते, पुलास्की तासभर पुढे. सूर्यास्त कुठल्या घड्याळाचा, हे निघण्याआधी बघून ठेवलेलं बरं.

भर हंगामात इथे वीस-तीस हजार पक्षी जमतात. एकाच ठिकाणी एवढे, कारण आजूबाजूची जागा गेली. कँकाकी नदीकाठी पूर्वी सुमारे पाच लाख एकर दलदल होती. इंडियानात ही नदी २४० मैल वळसे घेत वाहायची. गाळ उपसणारी यंत्रं (ड्रेजर) लावून, १९२०च्या दशकापर्यंत, तिचा ९० मैलांचा सरळसोट कालवा करून टाकला. दलदल आटली, तिथे मका आला. आज आपण ज्याला पक्ष्यांचं संमेलन म्हणतो, ती खरं तर दाटीवाटी आहे.

त्यात शिकारही होती. अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांचा स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार १९१६ साली झाला, कायदा १९१८ साली. तरी १९३०च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यात विणीच्या जेमतेम पंचवीसेक जोड्या उरल्या होत्या. निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ साली तिथल्या दलदलींवर लिहिलं ते विलापिकेच्या सुरात, आणि तेव्हा दुसरा सूर लागणं कठीणच होतं. पण पक्षी परतले. सावकाश परतले, कारण मादी अंडी घालते दोन आणि बहुधा जगतं एकच पिल्लू. गंमत अशी की ज्या मक्याने दलदल खाल्ली, त्याच्याच कापणीनंतर शेतात सांडलेल्या दाण्यांवर आता हे थवे पोसतात.

विस्कॉन्सिनातल्या बाराबू इथे १९७३ साली जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी यांनी क्रौंचांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढली. सॉवी भरतपूरला सायबेरियन क्रौंचांचा अभ्यास करायला आले होते. ते क्रौंच तिथे २००२ नंतर दिसलेच नाहीत. सँडहिलचा जवळचा नातलग आपल्याकडे गोंदियाच्या भातखाचरांत घरटं करतो, तो सारस. दोघांचा वंश (जीनस) एकच, अँटिगोनी.

विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांची तक्रार वसंतातली आहे: पेरलेला मका हे पक्षी चोचीने उकरून खातात. केंटकीत २०११ पासून आणि टेनेसीत २०१३ पासून परवाना घेऊन शिकार करता येते. दरम्यान, पूर्वी फ्लोरिडा गाठणारे कित्येक थवे आता टेनेसीतच हिवाळा काढतात. काही तर इंडियानातच रेंगाळतात, पाणी गोठेपर्यंत.