लेखक-वर्ष संदर्भपद्धती

लेखक-वर्ष संदर्भपद्धती (हार्वर्ड पद्धती) : शोधनिबंधात दुसऱ्याचे मत, माहिती वा अवतरण घेतल्यास त्याच जागी कंसात लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष देऊन, ग्रंथाचा पूर्ण तपशील अखेरच्या वर्णानुक्रमी सूचीत नोंदवण्याची रीत. मजकुरात ‘(कर्वे १९५३)’ असे दिसले की वाचक सूचीत ‘कर्वे, इरावती’ शोधतो आणि तिथे ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हे शीर्षक, प्रकाशक वगैरे तपशील त्याला मिळतो. शब्दशः अवतरण असेल तर वर्षापुढे पृष्ठांकही द्यावा लागतो. तळटीप पद्धती, क्रमांक पद्धती (मजकुरात फक्त आकडा आणि सूचीत त्या आकड्यापुढे तपशील) आणि ही, अशा तीन मुख्य रीती आज महाविद्यालयीन व विद्यापीठीय लेखनात चालतात.

उगम : ‘हार्वर्ड’ हे नाव सर्वतोमुखी असले, तरी हार्वर्ड विद्यापीठाने या नावाची कोणतीही अधिकृत नियमावली काढलेली नाही. नाव कसे पडले याची एक आख्यायिका ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १९४५ मधील एका संपादकीय टिपणात आढळते. हार्वर्डच्या ग्रंथालयाला भेट देणारा कोणी इंग्रज पाहुणा तिथल्या संदर्भव्यवस्थेवर खूश झाला आणि मायदेशी परतल्यावर तिला ‘हार्वर्ड पद्धती’ म्हणू लागला, अशी ती हकिकत आहे. तीत पाहुण्याचे नाव नाही. संदर्भपद्धतीच्या जन्मकथेलाच संदर्भ नसावा, हा योग गमतीचा खरा; पण तिला पुरावा मानता येत नाही.

अधिक भक्कम मत एली चेर्निन यांचे आहे. हार्वर्डमध्येच परजीवीशास्त्राचे अध्यापन केलेल्या चेर्निन यांनी १९८८ साली त्याच नियतकालिकात या प्रश्नाचा माग काढला. त्यांच्या मते पद्धतीचा पहिला निश्चित वापर हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क (१८४७–१९४६) यांच्या १८८१ मधील प्रबंधात दिसतो. एका कवचहीन गोगलगायीच्या अंड्याची परिपक्वता, फलन आणि विभाजन हा त्याचा विषय. तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ‘बुलेटिन’मध्ये छापलेला हा प्रबंध सुमारे साडेचारशे पानांचा आहे. त्याच्या १९४ व्या पानावर कंसात लेखक व वर्ष येते, शेजारी तारांकन असते आणि या खुणा कशा वाचायच्या हे तळटीप सांगते. ज्या रीतीने पुढे तळटिपांची जागा घेतली, तिचा परिचय वाचकाला तळटिपेतूनच करून द्यावा लागला. रीत वाचकाला नवी असल्याचेही त्या तळटिपेवरून दिसते, आणि चेर्निन यांच्या मताला त्यामुळे बळकटी येते.

मार्क यांच्या १४० विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये त्यांना गौरवग्रंथ अर्पण केला. या विद्यार्थ्यांत तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही होते. गोगलगायीवरील प्रबंधाने प्राणिशास्त्रात संदर्भांची पूर्णता व अचूकता आणली आणि मजकुरातून सूचीकडे जाण्याची सोयीची, एकसारखी रीत घालून दिली, असा उल्लेख या ग्रंथात आहे. म्हणजे समकालीनांनाही श्रेय कोणाचे याविषयी शंका नव्हती. तथापि मार्क यांनी कल्पना सर्वस्वी स्वतः काढली की संग्रहालयाच्या ग्रंथालयातील तालिकेच्या (ग्रंथनोंदींच्या यादीच्या) व्यवस्थेवरून उचलली, हा प्रश्न उरतोच. चेर्निन दुसऱ्या शक्यतेकडे झुकतात. ते मत संभवनीय वाटते. १८८१ हे वर्ष मात्र ज्ञात पहिल्या वापराचे म्हणूनच घ्यावे.

ही रीत प्राणिशास्त्रात रुजली यालाही कारण आहे. निसर्गविज्ञानात एखादी गोष्ट आधी कोणी पाहिली याला मोल असते आणि वर्ष मजकुरातच असले की अग्रक्रम वाचता वाचता कळतो. शिवाय अखेरच्या क्षणी एक संदर्भ वाढला तरी इतर संदर्भांना हात लावावा लागत नाही. क्रमांक पद्धतीत तिसऱ्या जागी नवा संदर्भ घुसला की पुढचे सगळे आकडे बदलतात. टंकलेखन यंत्राच्या काळात ही लहान अडचण नव्हती.

प्रसार व भगिनी पद्धती : अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची (एपीए) पहिली नियमावली १९२९ साली एका नियतकालिकात अवघ्या सात पानांत छापली गेली; २०१९ मधील सातव्या आवृत्तीचा मोठा ग्रंथ झाला आहे. लेखक-वर्ष पद्धतीचे आज सर्वाधिक शिकवले जाणारे रूप हेच. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली (१९०६ पासून) तळटीप आणि लेखक-वर्ष या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने (एमएलए) १९८४ च्या आवृत्तीत तळटिपा मागे सारून कंस स्वीकारला, पण वर्षाऐवजी पृष्ठांक घेतला. साहित्याच्या अभ्यासकाला कविता कोणत्या पानावर आहे याची गरज अधिक, ही त्यामागची साधी दृष्टी. वैद्यकातील क्रमांकांची ‘व्हँकूवर’ रीत १९७८ साली कॅनडातील त्या शहरात जमलेल्या संपादकांच्या बैठकीतून निघाली.

निवड : विषयाची शिस्त, विद्यापीठाची किंवा नियतकालिकाची सूचना आणि मार्गदर्शकाचा आग्रह यांवर निवड ठरते; लेखकाला फारसे स्वातंत्र्य नसते. सूचना नसल्यास समाजशास्त्रे व शिक्षणशास्त्र यांत लेखक-वर्ष, साहित्यात एमएलए, इतिहासात तळटीप घ्यावी. अभिलेखागारातील दप्तरे, पत्रव्यवहार, ताम्रपट यांना ‘लेखक’ आणि ‘वर्ष’ या चौकटीत कोंबणे कठीण असल्याने इतिहासकार तळटीप सोडत नाहीत, ते योग्यच आहे. एकाच निबंधात दोन पद्धती मिसळणे हा मात्र सर्वत्र दोष मानतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे वगळली जातात. उरलेल्या मजकुरात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य शिक्षेस पात्र नाही.

मराठीतील अडचणी : मराठीत ही पद्धत वर्ष आणि आडनाव या दोन्ही ठिकाणी अडखळते. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. विद्यार्थी वापरतो ते १९६९ साली प्रथम निघालेल्या समग्र वाङ्मयाच्या एखाद्या आवृत्तीतून. नियम अक्षरशः पाळला तर कंसात ‘(फुले १९६९)’ येते आणि १८९० मध्ये निधन पावलेला लेखक साठोत्तरी ठरतो. यावर ‘(फुले १८७३/१९६९)’ अशी जोडवर्षे देणे हा उपाय आहे. एपीए त्याला मान्यता देते; शिकागो पद्धतीत मूळ वर्ष चौकोनी कंसात जाते.

एकोणिसाव्या शतकातील कित्येक पुस्तकांवर केवळ शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेतले सूत्र जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळाला लागू पडत नाही. तिथे ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८०२ (१८८०–८१)’ असे दोन्ही देणे बरे. संतवाङ्मयाला वर्ष लावण्यात अर्थ नाही. ‘ज्ञानेश्वरी’चा शक १२१२ ग्रंथातल्या ओवीतच येतो, पण संदर्भ देताना अध्याय व ओवी हेच प्रमाण, आणि राजवाडे प्रत (वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेली) व प्रचलित प्रत यांतील ओव्यांचे क्रमांक जुळत नसल्याने प्रतीचे नाव टाळता येत नाही.

आडनावाचा पेच टोपणनावांत दिसतो. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांच्या नावावर आहे, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. मुखपृष्ठ पाळले की एकच लेखक सूचीत ‘क’ आणि ‘श’ अशा दोन जागी विभागला जातो. मुखपृष्ठावरील नावच घ्यावे आणि दुसऱ्या जागी ‘पाहा’ अशी सूचना द्यावी, ही ग्रंथपालांची रीत निर्दोष आहे. एकाच लेखकाच्या एकाच वर्षीच्या दोन पुस्तकांना इंग्रजीत ए, बी लावतात. मराठीत कोणी ‘अ, आ’ लावतात, कोणी ‘अ, ब’. दुसरी रीत वर्णमालेला धरून नसली तरी रुळलेली आहे.

वर्णानुक्रमातही एकवाक्यता नाही. पाठ केलेल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणक मात्र पुष्कळदा क्ष हे जोडाक्षर धरून ‘क’खाली बसवतो, त्यामुळे ‘क्षीरसागर’ ‘खांडेकर’च्या आधी येतात. प्रकाशनस्थळ एपीए, एमएलए यांनी सोडून दिले आहे. मराठी सूचीत मात्र ‘पुणे’, ‘मुंबई’ टिकून आहे. जुन्या तळटिपांमधील ‘तत्रैव’ (त्याच ठिकाणी) आणि ‘उ. नि.’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर उल्लेखिलेला) यांना लेखक-वर्ष पद्धतीत काम उरत नाही, तरी सवयीने ते कंसात शिरतात. झोटेरो (२००६) सारख्या संदर्भ-व्यवस्थापक संगणक-प्रणालींनी कष्ट वाचवले, पण आडनाव आणि नाव चुकीच्या रकान्यांत भरले गेले तर सूचीत ‘इरावती, कर्वे’ असेच उमटते.

वर्ष मुळीच छापलेले नसेल तर ‘(व. ना.)’, म्हणजे वर्ष नाही, असे लिहिण्यापूर्वी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी, तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी पुस्तकांची नोंद आहे. सूचीतून मिळालेले वर्ष चौकोनी कंसात द्यावे, म्हणजे ते पुस्तकावरून घेतलेले नाही हे वाचकाला कळते.