बस, घंटागाडी फिरती ठेवणाऱ्या हातांसाठी गुणवंत कामगार पुरस्कार: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जून किंवा डिसेंबरची वेतनचिठ्ठी काढून समोर ठेवा. कपातीच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, पतपेढीचा हप्ता यांच्या खाली कुठेतरी ‘कामगार कल्याण निधी’ किंवा नुसतंच ‘एमएलडब्ल्यूएफ’ असं लिहिलेलं असेल आणि त्यापुढे २५ रुपये. २०२४ पासून कामगाराचे सहा महिन्यांचे २५ आणि मालकाचे ७५ असे १०० रुपये महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातात. त्याआधी बहुतेकांचे १२ रुपये कापले जायचे. रक्कम इतकी लहान की कुणी विचारत नाही. पण ही ओळ तुमच्या चिठ्ठीत असेल, तर राज्याचा गुणवंत कामगार पुरस्कार तुमच्यासाठीही आहे, हे पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात, उतरून काम करणाऱ्या कित्येक जणांना निवृत्तीपर्यंत कळत नाही.

मी एका शहर परिवहन उपक्रमाच्या आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. पुरस्काराचं परिपत्रक यायचं, फलकावर लागायचं, मुदत संपली की निघायचं. अर्ज यायचे ते बहुधा कार्यालयातल्या मंडळींचे. कार्यशाळेतून क्वचितच एखादा. कामात ती माणसं कमी होती म्हणून नव्हे. त्यांच्या कामाचा कागद होत नाही, म्हणून. गाडी रस्त्यात बंद पडली तर ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नोंद होते, कुणाच्या तरी नावावर ठपका येतो. गाडी बंद पडली नाही, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत मेकॅनिक आणि चालक मागे राहतात ते याच एका कारणाने, म्हणून खाली सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पुरस्कार नेमका काय

मंडळाची स्थापना १ जुलै १९५३ ची. मुख्यालय मुंबईत सेनापती बापट मार्गावरच्या हुतात्मा बाबू गेनू गिरणी कामगार क्रीडा भवनात, आणि गावोगावी कामगार कल्याण केंद्रं. गुणवंत कामगार म्हणून राज्यभरातून ५१ जणांची निवड होते, प्रत्येकी २५,००० रुपये, स्मृतिचिन्ह, मानपत्र. त्याच्या वरचा मान म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे कामगार भूषण पुरस्कार. तो एकालाच, ५०,००० रुपयांचा. त्यासाठी आधी गुणवंत कामगार हा मान मिळालेला असावा लागतो, त्यामुळे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने तिकडे बघू नये.

लोखंडे कोण, हे आपल्या डेपोतल्या पोरांना जरूर सांगा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. आपल्या धंद्यात रविवारी पिट चालूच असतो, सुट्टी पाळीने येते. तरी आठवड्याला एक दिवस हक्काचा, ही गोष्ट तिथून आली.

कोण अर्ज करू शकतं

मूळ अट दोन गोष्टींची. आस्थापना निधी भरणारी हवी आणि सेवा किमान ५ वर्षांची हवी. निधीचा कायदा १९५३ चा, आणि त्यात कारखान्यांबरोबर प्रवासी मोटार वाहतूकही येते. म्हणून मुंबईची बेस्ट, पुण्याची पीएमपीएमएल, ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, कोल्हापूरची केएमटी अशा उपक्रमांतल्या चालक, वाहक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, टायरमन, वेल्डर, भांडारातले कर्मचारी यांनी आधी स्वतःला या यादीत धरावं, आणि मग वेतनचिठ्ठीवर खात्री करावी. व्यवस्थापकीय पदावरच्यांसाठी हा पुरस्कार नाही. डेपो व्यवस्थापकाचं काम शिफारस करण्याचं.

महापालिकेच्या वाहन विभागात थेट नोकरीला असलेल्यांचं, म्हणजे कचऱ्याचे कॉम्पॅक्टर, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, सक्शन गाड्या सांभाळणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तुमच्या चिठ्ठीत ती कपात नसेल तर मंडळाचा रस्ता तुमच्यासाठी बंद. मग पालिकेचा स्वतःचा सत्कार, ज्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि कंत्राटी कामगार? आज शहरातल्या कितीतरी बसेस आणि घंटागाड्या ठेकेदाराच्या आहेत, चालकही त्याचाच. तुमचा मालक ठेकेदार असला तरी निधीची कपात आणि भरणा त्यालाही चुकत नाही. तो भरत असेल तर अर्जाचा हक्क तुमचाही. ठेकेदाराकडून वेतनचिठ्ठीच मिळत नाही, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. ती मागा, लेखी मागा. चिठ्ठी मिळणं हा पुरस्कारापेक्षा मोठा हक्क आहे.

कागदपत्रं

परिपत्रक आलं की त्यातली यादी अक्षरशः पाळायची, पण खालची कागदं वर्षभर आधी जमवून ठेवली तर धावपळ होत नाही. आधार कार्ड, ओळखपत्र, फोटो हे सगळ्यांकडे असतं. कपात दाखवणारी जून-डिसेंबरची वेतनचिठ्ठी. मंडळाकडचा तुमचा एलआयएन, म्हणजे कामगार ओळख क्रमांक, जो आस्थापना शाखेत किंवा जवळच्या कामगार कल्याण केंद्रात मिळतो. नोकरीला लागल्याची तारीख, पद आणि आजवरची बदली-बढती दाखवणारा सेवा दाखला. तो सेवापुस्तकावरून तयार होतो, आणि सेवापुस्तकातल्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. एका फिटरच्या सेवापुस्तकात वडिलांचं नाव चुकलं होतं. ते सुधारेपर्यंत मुदत गेली, वर्ष वाया गेलं.

विभागीय चौकशी चालू नाही, शिक्षा झालेली नाही, असं आस्थापनेचं पत्र लागतं. चारित्र्य पडताळणीचा दाखला महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो, पोलीस ठाण्यातून पडताळणी व्हायला दिवस लागतात, म्हणून तो लवकर हाती घ्या.

चालकांनी एक जास्तीचं करावं. परवाना आणि बॅज चालू मुदतीतले आहेत ना ते बघा, आणि वाहतूक शाखेकडून विनाअपघात सेवेचा दाखला घ्या. एखाद्या अपघातात तुमचं नाव गोवलं गेलं असेल आणि चूक तुमची नव्हती असं ठरलं असेल, तर न्यायालयाच्या निकालाची प्रत किंवा खात्याच्या चौकशीचा निष्कर्ष जोडाच. झाकून ठेवलेली नोंद छाननीत निघाली तर चांगला अर्ज बाद होतो. उघड मांडलेली नोंद कुणी तुमच्याविरुद्ध वापरत नाही.

कामाचा पुरावा कसा उभा करायचा

हा पुरस्कार फक्त कारखान्यातल्या कामाचा नाही. सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक, क्रीडा, साहित्य, कामगार संघटना, अशा क्षेत्रांतलं कामही त्यात धरलं जातं. रक्तदान केलं असेल, वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेतली असेल, गणेशोत्सवात वाहतूक स्वयंसेवक म्हणून उभे राहिला असाल, तर प्रमाणपत्र, फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण तारखेनिशी लावा. यात फार लांबण लावण्यासारखं काही नाही. अडतं ते पहिल्याच भागात, रोजच्या कामाच्या पुराव्यात.

आमच्या कार्यशाळेत एक जुने मेकॅनिक होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लांबट वही, रबर लावून बंद केलेली. पानांच्या कडा ग्रीसने काळ्या झालेल्या, पेन्सिलीने लिहिलेलं. गाडीचा क्रमांक, किलोमीटर, काय बदललं, पुन्हा कधी बघायचं. ‘एअर गळती मागचा डावा, डायफ्राम बदलला, १५ दिवसांनी बघ.’ अशा सात-आठ वह्या त्यांनी घरी ठेवल्या होत्या. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझ्याकडे कसलं सर्टिफिकेट नाही.” आम्ही त्या वह्यांतल्या तारखा जॉबकार्डांशी ताडून बघितल्या. त्यांच्या हाताखालच्या गाड्यांची ब्रेकची तक्रार दोन वर्षांत किती उतरली, ते कार्यशाळेच्याच रजिस्टरवरून निघालं. अधीक्षकांनी त्याच्यावर सही केली. आजवर माझ्या नजरेखालून गेलेला सर्वांत भक्कम अर्ज तो होता.

म्हणून ‘मी प्रामाणिकपणे व निष्ठेने सेवा केली’ हे वाक्य अर्जातून काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्या जागी मोजलेली गोष्ट लिहा. समजा, तुमच्या डेपोत ४० बस आहेत, प्रत्येक रोज २०० किलोमीटर धावते आणि केएमपीएल, म्हणजे एका लिटरमागे किलोमीटर, ३.० आहे. एअर फिल्टर, टायरची हवा, इंजेक्टर यांची वेळच्या वेळी तपासणी लावून ते ३.३ वर आणलं. एका बसला रोज साधारण ६ लिटर, डेपोला रोज २४० लिटर डिझेल वाचलं. असे आकडे डेपोच्या इंधन रजिस्टरमध्येच असतात. त्या महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स काढून डेपो व्यवस्थापकाची सही-शिक्का घ्या. ब्रेकडाउनचंही तसंच: दर दहा हजार किलोमीटरला आधी किती, नंतर किती. एकट्याच्या श्रमाने हे होत नाही, तेव्हा पाळीतल्या सोबत्यांचा उल्लेख करा आणि त्यात तुमचा वाटा कोणता तेवढं नेमकं सांगा.

नवं शिकलेलंही पुरावाच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आल्यावर इंजिनाबरोबर सेन्सर, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव), स्कॅनर आले. नंतर इलेक्ट्रिक बस आल्या, उच्च दाबाच्या वायरिंगला हात लावायची शिस्तच वेगळी. पन्नाशीच्या मेकॅनिकने हे प्रशिक्षण घेतलं आणि पोरांना शिकवलं, याची प्रमाणपत्रं जरूर लावा. तसंच, १ एप्रिल २०२३ पासून महापालिका आणि परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. अशा गाड्या काढून टाकताना उरलेल्या ताफ्यावर फेऱ्या कशा भागवल्या, चालू स्थितीतले सुटे भाग कसे वाचवले, हे ज्यांनी केलं त्यांनी ते लिहावं.

तुमच्या डेपोला किंवा उपक्रमाला केएमपीएल सुधारल्याबद्दल पीसीआरएचं, म्हणजे पेट्रोलियम मंत्रालयाच्या इंधन बचत संस्थेचं, किंवा दिल्लीच्या एएसआरटीयू या राज्य परिवहन उपक्रमांच्या संघटनेचं पारितोषिक मिळालं असेल तर त्याची प्रत सोबत द्या. ती पारितोषिकं उपक्रमाला मिळतात, माणसाला नाही. पण त्या वर्षी त्या डेपोच्या देखभालीत तुम्ही होता, हे आस्थापनेच्या पत्रात लिहून घेतलं की तो पुरावा तुमचाही होतो.

अर्जाचा प्रवास

मंडळाने अर्ज मागवले की ते मंडळाच्या संकेतस्थळावर, वर्तमानपत्रांत आणि कल्याण केंद्रांच्या फलकांवर येतं. अर्ज ऑनलाइन भरताना अडलात तर केंद्रात जा, तिथला केंद्र संचालक मदत करतो. तो त्याच्या कामाचाच भाग आहे, संकोच करू नका. अर्जावर आस्थापनेची शिफारस लागते आणि अर्ज सर्वांत जास्त दिवस तिथेच पडून राहतो. फाइल डेपोतून कार्यशाळा अधीक्षक, मग मुख्य अभियंता, मग आस्थापना शाखा असा फेरा मारते. माझा अनुभव सांगतो, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात टेबलावर आलेल्या फाइलला सही मिळते, पण मजकूर वाचला जात नाही, आणि शिफारसपत्र तीन ओळींचं निघतं. पंधरा दिवस आधी द्या, सोबत कामाचा एक पानी गोषवारा द्या. साहेबाला शिफारस लिहायला सोपं जातं.

पालिकेचा स्वतःचा सत्कार

बऱ्याच महापालिका वर्धापनदिनी किंवा १ मे रोजी आपल्या उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचा सत्कार करतात, आणि जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात विनाअपघात चालकांचा. इथे अर्जापेक्षा विभागप्रमुखाचा प्रस्ताव महत्त्वाचा. तो सामान्य प्रशासन विभागामार्फत आयुक्तांकडे जातो. मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, हजेरी आणि चौकशी नसल्याचा दाखला बघितला जातो. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल आणि तो तुम्हाला कळवलाच गेला नसेल, तर लेखी हरकत घ्या. वाहन विभागातून नाव गेलं नाही तर बहुतेकदा कारण एवढंच असतं, की कुणी प्रस्ताव केलाच नाही. कार्यशाळेतल्या सहकाऱ्यांनी मिळून आपल्यातल्या एकाचं नाव कारणांसह विभागप्रमुखाला लेखी द्यायला कुठलीही आडकाठी नाही. दोन-तीन ठिकाणी मी ते होताना पाहिलं आहे, आणि साहेबांनी ते पत्र जसंच्या तसं प्रस्तावाला जोडलं.

अर्ज दिल्यावर पोचपावती आणि सगळ्या संचाची एक प्रत घरी ठेवा. निवड झाली नाही तर पुढच्या खेपेला त्याच संचात त्या वर्षाची नवी पानं घालून पुन्हा भरता येतो. वही लिहिणारे ते मेकॅनिक दुसऱ्या वेळी अर्ज करायला आले तेव्हा त्यांच्या खिशात नवी वही होती, आणि पहिल्या पानावर आस्थापना शाखेतल्या आमच्या टेबलावरच्या फोनचा विस्तार क्रमांक लिहिलेला होता.