बडोद्यात अर्थशास्त्राचं संशोधन करायचंय? आधी पत्र नीट लिहून आणा

पुण्याहून, सांगलीहून मुलं येतात, स्टेशनवर उतरून थेट महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात जातात आणि काउंटरवर सांगतात, "बडोदा संस्थानच्या अर्थकारणावर काम करायचंय." समोरचा माणूस कितीही भला असला तरी या वाक्याचं तो काय करणार? परवानगी विषयाला मिळत नाही, कागदाला मिळते. कोणता अहवाल, कोणती वर्षं, कशासाठी, हे आधी ठरलेलं हवं.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं काम सोपं आहे. विद्यापीठाचं ओळखपत्र, प्रवेशाची किंवा पीएच.डी. नोंदणीची पावती, फोटो आणि सभासदत्वाचा फॉर्म एवढ्यावर भागतं. पुस्तकं वेळेवर परत करा, नाहीतर प्रबंध जमा करताना 'नो ड्यूज'साठी तेच पुस्तक शोधत बसाल.

बाहेरच्या संशोधकाने पुस्तक घरी न्यायला मिळणार नाही असं धरूनच यावं. बसून वाचायची परवानगी मागायची. अर्ज ग्रंथपालांच्या नावे लिहा आणि सोबत मार्गदर्शकांचं किंवा विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं मूळ पत्र जोडा. आपल्या संस्थेचं ओळखपत्र, आधार कार्ड यांच्या झेरॉक्स आणि दोन फोटो जवळ असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्राचा फोटो दाखवून काम होईल या भरवशावर प्रवास करू नका. शुल्क आणि परवानगीची मुदत निघण्यापूर्वी फोन करून विचारा आणि पैसे भरले की पावती घ्या. निवृत्त प्राध्यापक, पत्रकार किंवा हौसेने लिहिणारे यांच्यामागे संस्था नसते. त्यांनी इतिहास किंवा अर्थशास्त्र विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना आधी भेटावं. ओळखीच्या प्राध्यापकांच्या चार ओळी असल्या की अर्ज पुढे सरकतो.

आता पत्राचा मजकूर. एक उदाहरण घेऊ. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' सुरू केली. ही देशातली पहिली सहकारी संस्था मानली जाते. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. यावर काम करणाऱ्याचं पत्र साधारण असं हवं: "सदर विद्यार्थी १८८९ ते १९२१ या काळातील बडोदा संस्थानातील पतव्यवहारावर संशोधन करीत आहे. त्यास संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल, १९०१, १९११ व १९२१ च्या जनगणनेचे बडोदा खंड आणि सहकार खात्याचे छापील अहवाल पाहण्यास परवानगी मिळावी." तीन ओळींचं पत्र, पण ते वाचून कपाटाची किल्ली कोणती काढायची हे कळतं.

कॅटलॉगमध्ये शोधताना खरी गंमत सुरू होते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'गायकवाड'चं स्पेलिंग शेवटी 'आर' लावून छापलेलं आढळतं. 'डी' टाकून शोधलंत तर निम्मा माल हाती लागणार नाही. 'वडोदरा' टाकून तर काहीच नाही, 'बरोडा' टाका. 'मेहसाणा' शोधत असाल तर 'कडी प्रांत'ही टाकून पाहा. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, अर्थशास्त्र ३३० ला सुरू होतं, बँकिंग ३३२ वर, सहकार ३३४ वर, सार्वजनिक वित्त ३३६ वर. पण १९०४ पूर्वीच्या कागदांत 'सहकार' हा मथळाच मिळणं अवघड, कारण तो शब्द सरकारी वापरात तेव्हा रुळायचा होता. तिथे पेढी, सावकारी, तगाई (शेतकऱ्यांना दिलेलं सरकारी कर्ज), शेतसारा हे शब्द धरून जावं लागतं.

आकडे उतरवताना एक खोच लक्षात ठेवा. संस्थानचं अहवालाचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं. ब्रिटिश मुलखाचं एप्रिल ते मार्च. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी मांडून 'तुलना' केलेले प्रबंध मी पाहिलेत. जुन्या वर्षांत रुपया बाबाशाही, म्हणजे संस्थानचा स्वतःचा, की इंग्रजी, हेही बघा, दोघांचा भाव एक नव्हता.

नव्या काळावर काम असेल तर धावपळ बरीच कमी. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं त्यातून सरकारी विद्यापीठांना मिळतात. ती आपल्याच संस्थेच्या लॉगिनने वाचता येतात, त्यासाठी बडोद्याला यायची गरज नाही. झालेले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कोणालाही मोफत दिसतात. आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय हे तिथे पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रिझर्व्ह बँकेची आकडेवारीही घरबसल्या उतरवता येते.

विद्यापीठात नाही मिळालं तर मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्याचं ते मुख्य ठाणं. तिथल्या सभासदत्वाचा अर्ज वेगळा, विद्यापीठाचं कार्ड चालत नाही.

हस्तलिखित दप्तर हवं असेल तर पुराभिलेखागाराकडे, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या कार्यालयाकडे जावं लागतं. अर्ज पुन्हा नव्याने, पत्र पुन्हा नवं, म्हणून मार्गदर्शकांकडून मूळ पत्राच्या सह्या केलेल्या तीन-चार प्रती आधीच घेऊन या. पेन नको, पेन्सिल न्या. फोनने फोटो काढण्याआधी विचारा. जुन्या बाइंडिंगचे खंड झेरॉक्सला मिळत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तिथलं कितीतरी दप्तर मराठीत, मोडीत आहे. चार महिने मोडी शिकून आलेल्याला त्या टेबलावर फारशी रांग लागत नाही.