सोसायटीतली गळती: तक्रार कुठे करायची, कोणत्या कागदांसह आणि कोणत्या क्रमाने

छताला ओल आली की बरेच सभासद थेट उपनिबंधकांच्या, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्यातल्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात अर्ज टाकतात. तिथून उत्तर येतं की हा विषय सहकार न्यायालयाच्या अखत्यारीतला आहे. तोवर एक पावसाळा उलटलेला असतो, प्लास्टरचे पोपडे गळून लोखंड दिसायला लागलेलं असतं आणि वरच्या शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं. चूक अर्ज करण्यात नसते, क्रमात असते. गळतीच्या प्रकरणात पाणी कुठून येतंय यावर खर्च कोणाचा हे ठरतं आणि खर्च कोणाचा यावर कोणतं दार ठोठवायचं हे ठरतं. म्हणून अर्जाच्या मसुद्याआधी पाण्याचा उगम शोधा.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. तुमची इमारत १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, म्हणजे सोसायटीऐवजी अपार्टमेंटधारकांची असोसिएशन असेल, तर सहकार कायद्याची इथली कलमं तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्र आधी बघून घ्या.

उगम शोधणे

ओल कधी वाढते यावरून अर्धा निकाल लागतो. डाग बारा महिने ओला राहत असेल, घरात कोणी पाणी वापरत नसतानाही वाळत नसेल, तर पुरवठ्याच्या पाइपवर संशय घ्या, कारण त्यात दाब कायम असतो. वरच्या घरात आंघोळी आणि धुणी झाल्यावर ओल वाढून रात्रीपर्यंत कमी होत असेल, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला असतो: नहाणी ट्रॅपचा (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीखालच्या भागाचा) सांधा, कमोडचा जोड, किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात ओल येत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा डक्टमधले पाइप तपासा. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत लोणा धरून रंग सुटत असेल, तर बहुधा जमिनीतली ओल भिंतीत चढते आहे. तिथे वरच्या घराला दोष देऊन काही साधणार नाही.

बाथरूमची चाचणी सोपी आहे. नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने किंवा रबरी बुचाने घट्ट बंद करा, फरशीवर साधारण २५ मिलिमीटर पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवा. खाली ओल वाढली तर दोष फरशीत किंवा भिंत-फरशीच्या सांध्यात आहे. ओल वाढली नाही तर बूच काढून पाणी एकदम सोडा. मग ओल आली, तर दोष ट्रॅप किंवा त्याच्या पुढच्या पाइपात आहे. दोन बाथरूमवर संशय असेल तर प्रत्येकात वेगळा खाद्यरंग मिसळा आणि दोन्ही चाचण्या एकाच दिवशी करू नका. भिंतीतल्या पाइपसाठी प्लंबरकडून दाबचाचणी करून घ्या. सगळे नळ बंद करून पंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा किमान अर्धा तास बघायचा. काटा उतरला तर पाइप कुठेतरी फुटला आहे.

गच्चीवर पाणी साठवतानाही २५ मिलिमीटर पुरेसं आहे. १०० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन, आणि जुन्या स्लॅबवर ते घालणं धोक्याचं आहे. गच्चीची पाहणी करताना कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यावरचा वाटा (सांधा झाकणारा सिमेंटचा गोलसर उतार), पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवतीची जागा आणि टाकीच्या खांबांचे पाय आधी बघा. मधल्या कोब्यापेक्षा या तीन जागा आधी फुटतात.

चाचणीच्या वेळी कमिटीचा एक सदस्य आणि दोन्ही घरांतलं माणूस हजर असावं. कागदावर तारीख, वेळ, साठवलेल्या पाण्याची पातळी आणि निष्कर्ष लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या सगळ्या भांडणात या एका कागदाइतकं वजन दुसऱ्या कशालाही नाही.

खर्च कोणाचा

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, दुरुस्ती आणि देखभालीच्या प्रकरणात संस्थेने स्वखर्चाने करायच्या कामांची यादी आहे. गच्ची आणि कठडा, बाहेरच्या भिंती, छतांची संरचनात्मक दुरुस्ती, बाहेरचे सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, टाक्या, आणि पावसाच्या पाण्यासह या सामाईक गोष्टींमुळे होणारी गळती, हे सगळं तिच्यात येतं. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं असेल, तर तेही संस्थेच्या खर्चात. 'गच्ची गळते ती वरच्यांची अडचण, आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्ही का भरायचं' हा युक्तिवाद सभेत हमखास ऐकू येतो. उपविधींपुढे तो टिकत नाही. दुरुस्ती निधी सगळ्यांकडून घेतला जातो तो याचसाठी.

या यादीत न बसणारी दुरुस्ती सदनिकाधारकाने करायची असते. संडास, बाथरूम, सिंक यांच्यातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा आणि त्यात संस्थेने सहभागी व्हायचं असतं. घोळ होतो तो 'संबंधित' या शब्दावर. काही सोसायट्या वरच्या आणि खालच्या घराला निम्मा निम्मा खर्च लावतात. तसा सरसकट नियम नाही, ती तडजोड आहे. गळतीचा उगम वरच्या घराच्या फरशीत आहे हे चाचणीत सिद्ध झालं असेल, तर निम्मा खर्च मान्य करण्याआधी विचार करा. वरच्या सभासदाने परवानगी न घेता बाथरूमची जागा हलवली असेल किंवा फरशी फोडून जुनं वॉटरप्रूफिंग काढलं असेल, तर निम्म्याचा प्रश्नच येत नाही.

उपविधींच्या क्रमांकांवर मात्र विसंबू नका. २००९ आणि २०१४च्या नमुन्यांत ते वेगळे आहेत आणि तुमच्या संस्थेने कोणता नमुना स्वीकारला आहे यावर सगळं अवलंबून आहे. संस्थेच्या मंजूर उपविधींची प्रत घ्या आणि अर्जात तिच्यातलाच क्रमांक लिहा.

अर्ज कोण करू शकतं

ज्याचं नाव भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) आहे तो सभासद, आणि सहसभासद असेल तर तोही. भाडेकरूने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर संस्था तो बाजूला ठेवू शकते, म्हणून अर्ज मालकाच्या सहीनेच जावा. मालक बाहेरगावी असेल तर त्याचं लेखी अधिकारपत्र जोडा. मूळ सभासद वारले असतील आणि हस्तांतर झालं नसेल, तर वारसाने आधी सभासदत्वाचा अर्ज मार्गी लावावा. गळतीची तक्रार सोबत देता येते, पण न्यायालयात गेल्यावर पहिला आक्षेप याच मुद्द्यावर येतो. मेंटेनन्स थकलेलं असेल तर ते आधी भरा. गळती होते म्हणून मेंटेनन्स थांबवणं हा सगळ्यात महागात पडणारा निषेध आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली संस्था वसुलीला जाऊ शकते, आणि मग कागदोपत्री तुम्ही तक्रारदार न राहता थकबाकीदार होता.

कमिटीकडे अर्ज

अर्ज सेक्रेटरीच्या नावाने, लेखी आणि एका पानाचा असावा. ओल कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर किंवा छतावर, अंदाजे किती चौरस फूट, कधीपासून, कोणत्या वेळी वाढते, चाचणीत काय दिसलं, आणि संस्थेने नेमकं काय करावं ही तुमची मागणी, एवढंच त्यात लिहा. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक वाक्यही नको. 'त्वरित योग्य ती कारवाई करावी' असं मोघम लिहू नका. 'सदनिकेची पाहणी करून अहवाल कमिटीसमोर ठेवावा आणि संबंधित सदस्याला दुरुस्तीची लेखी नोटीस द्यावी' असं लिहा.

सोबत भागपत्राची छायाप्रत, शेवटच्या मेंटेनन्स पावतीची प्रत, तारीख दिसेल असे फोटो, चाचणीचा सह्यांसह पंचनामा आणि शक्य असेल तर प्लंबरचं किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत जोडा. प्लास्टर पडून सळई उघडी पडली असेल तर इंजिनिअरचा अहवाल हवाच. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का अशी पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद जपा. सेक्रेटरी पत्रच स्वीकारत नाही ही तक्रार आदर्श उपविधींनुसार जिल्हा किंवा राज्य गृहनिर्माण महासंघाकडे करता येते.

कमिटीने तक्रार पुढच्या सभेत घ्यायची आणि निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा, असं उपविधी सांगतात. सेक्रेटरीला आधी सूचना देऊन वरच्या घराची पाहणी करता येते आणि अहवाल कमिटीपुढे ठेवता येतो. दुरुस्ती सभासदाने करायची असेल तर कमिटी त्याला नोटीस देते. तरीही त्याने केली नाही तर संस्था ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. 'ते दार उघडत नाहीत, आम्ही काय करणार' असं कमिटी म्हणाली, तर आपल्याच मंजूर उपविधींमधली ही तरतूद तिला लेखी दाखवा.

गच्चीसारखं मोठं काम कमिटीच्या खर्चमर्यादेबाहेर जातं आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. कमिटी सभाच बोलवत नसेल तर एक-पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सभेची लेखी मागणी करता येते. ती मागणी आल्यावर एक महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. मागणीपत्रात विषय नेमका लिहा, कारण त्या सभेत त्याच विषयावर निर्णय होतो.

कमिटी हलली नाही तर

आदर्श उपविधींत कोणती तक्रार कुठे न्यायची याची वाटणी आहे. दुरुस्ती, संरचनात्मक तपासणी आणि गळती हे विषय सहकार न्यायालयाकडे दिले आहेत. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम ९१ खाली वाद दाखल होतो. वाद कृती किंवा कसुरीपासून ६ वर्षांच्या आत आणावा लागतो, पण इतकं थांबण्याचं कारण नाही. वादअर्ज, प्रतिज्ञापत्र, भागपत्राची प्रत, सगळ्या पत्रव्यवहाराच्या पोच, चाचणीचा पंचनामा, इंजिनिअरचा अहवाल, दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि उपविधींचा संबंधित भाग, एवढं लागतं.

इथे एक चूक वारंवार होते. लोक फक्त वरच्या शेजाऱ्यावर वाद लावतात. कलम ९१ खाली वाद संस्थेच्या व्यवस्थापनाशी किंवा व्यवहाराशी निगडित असावा लागतो. दोन शेजाऱ्यांचं खासगी भांडण म्हणून अधिकारक्षेत्रावर आक्षेप येऊ शकतो. म्हणून संस्थेलाही प्रतिवादी करा आणि तिने उपविधींप्रमाणे पाहणी, नोटीस, दुरुस्ती यांतलं काय केलं नाही ते स्पष्ट मांडा. पावसाळा जवळ असेल किंवा प्लास्टर पडत असेल, तर कलम ९५ खाली अंतरिम आदेश मागा. दुरुस्तीसाठी घरात प्रवेश द्यावा एवढीच मर्यादित मागणी केली तर ती मिळण्याची शक्यता जास्त. निकालाविरुद्ध अपील दोन महिन्यांत सहकारी अपील न्यायालयात करावं लागतं.

उपनिबंधकांकडे जायचं ते कागदपत्रं दाखवत नाहीत, प्रती देत नाहीत, सभा घेत नाहीत अशा तक्रारींसाठी. महापालिकेकडे जायचं ते शेजाऱ्याचं अनधिकृत बांधकाम आणि इमारतीची संरचनात्मक समस्या यांसाठी. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर ३ वर्षांनी व्हायला हवी. ती झालेली नसेल तर हा मुद्दा गळतीच्या अर्जात वेगळ्या परिच्छेदात घाला.

इमारत नवी असेल तर

ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर वाट वेगळी. रेरा कायदा २०१६ (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष या काळात कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. आधी लेखी नोटीस द्या, ३० दिवस मोजा, मग महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तक्रार दाखल करा. तिचं शुल्क ५,००० रुपये आहे. विक्री करारनामा, ताबापत्र, नोटीस आणि तिची पोच जोडा. दोष अनेक घरांत असेल तर सोसायटीनेच तक्रार करावी, अहवालाचा खर्च वाटला जातो. ताब्याची तारीख पत्रात न चुकता लिहा आणि बिल्डरला नोटीस मिळण्याआधी फरशी फोडून स्वतः दुरुस्ती करू नका. केली, तर दोष तुमच्या फेरबदलामुळे आला असं सांगायला बिल्डरला आयतं निमित्त मिळतं.

काम मंजूर झाल्यावर

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये नुसतं 'वॉटरप्रूफिंग' असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. जुना थर काढणार की त्यावरच नवा देणार, ट्रॅप बदलणार का, सांध्यांत काय भरणार, उतार किती देणार, हमी किती वर्षांची आणि ती लेखी कोण देणार, हे सगळं त्यात यायला हवं. गच्चीला पाण्याच्या तोंडाकडे साधारण १०० ला १ उतार मागा. फरशी बसवण्याआधी ४८ तासांची पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा घ्या आणि बिलाचा शेवटचा हप्ता तिच्या निकालापर्यंत राखून ठेवा. खालच्या घराचं छत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी आणि रंग लावू नका. आतल्या ओलीने नवा रंगही सुटतो, आणि मग गळती पुन्हा सुरू झाली आहे, का जुनीच ओल बाहेर येतेय, हे कोणालाच ठरवता येत नाही.