‘चायनाटाऊन’मागचं पाणी आणि पोलान्स्कीने लिहिलेला शेवट

५ नोव्हेंबर १९१३ रोजी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन फर्नांडोच्या माळावर हजारो लोक जमले होते. दरवाजे उघडले, उतारावरून पाणी फेसाळत आलं आणि मुख्य अभियंता विल्यम मल्होलंड एवढंच म्हणाला, ‘हे बघा. घ्या.’ पाणी येत होतं सुमारे ३७५ किलोमीटरवरच्या ओवेन्स खोऱ्यातून, एकाही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर. काम थोर होतं यात शंका नाही. ते पाणी ज्या मार्गाने शहराच्या ताब्यात आलं, तो मार्ग मात्र तितका स्वच्छ नव्हता. साठ वर्षांनी ‘चायनाटाऊन’ या चित्रपटाची कथा उभी राहिली ती त्याच्यावर.

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेचं ओवेन्स खोरं शेतकऱ्यांचं आणि गुराख्यांचं. १९०४-०५च्या सुमारास लॉस एंजेलिसचा माजी महापौर फ्रेड ईटन तिथे जमिनी आणि त्यांचे पाणीहक्क विकत घेत हिंडत होता. केंद्र सरकारची सिंचन योजना येणार, आपल्या शेतांना पाणी मिळणार, अशी खोऱ्यातल्या लोकांना आशा होती. ईटन त्या योजनेसाठीच खरेदी करतोय, असा पुष्कळांचा समज झाला. योजनेचं काम पाहणारा सरकारी अभियंता लिपिनकॉट त्याच काळात लॉस एंजेलिस शहराकडूनही सल्लागार म्हणून पैसे घेत होता.

दुसरीकडे सॅन फर्नांडो खोऱ्यातली कोरडी जमीन शहरातली बडी मंडळी स्वस्तात मिळवत होती. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा मालक हॅरिसन ग्रे ओटिस त्यांच्यात होता, रेल्वेवाला हंटिंग्टन होता आणि मोझेस शर्मनही होता. हा शर्मन शहराच्या पाणी मंडळाचा सदस्य होता. कालवा कुठून येणार हे त्याला इतरांच्या आधी कळणारच. मतदारांनी १९०५ आणि १९०७मध्ये कर्जरोख्यांना मंजुरी दिली, ‘टाइम्स’ने त्यासाठी जोर लावला, पाणी आलं आणि १९१५मध्ये सॅन फर्नांडो खोरं शहराला जोडलं गेलं. मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की, यातलं जवळपास सगळं कायद्याच्या चौकटीत बसत होतं. मतदान झालं, दस्त नोंदले गेले, पैसे मोजले गेले.

ओवेन्स खोरं सुकत गेलं. १९२४मध्ये शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले आणि नोव्हेंबरमध्ये कालव्यावरच्या ‘अलाबामा गेट्स’ या दरवाजांचा ताबा घेऊन पाणी चार दिवस अडवून धरलं. काही वर्षांतच ओवेन्स सरोवराचा तळ उघडा पडला. त्या तळावरून उडणारी धूळ आवरण्यासाठी शहराला पुढे अब्जावधी डॉलर मोजावे लागले.

मल्होलंडच्या कारकिर्दीचा शेवटही याच पाण्याने केला. लाँग व्हॅलीतल्या जलाशयाच्या जागेसाठी ईटन फार मोठी किंमत मागत होता आणि मल्होलंड ती द्यायला तयार नव्हता. शहराला साठवण तर हवीच होती, म्हणून सॅन फ्रान्सिस्किटोच्या दरीत सेंट फ्रान्सिस धरण बांधलं गेलं. १२ मार्च १९२८च्या मध्यरात्रीच्या सुमारास ते फुटलं आणि चारशेच्या वर माणसं गेली. चौकशीत मल्होलंडने दोष स्वतःकडे घेतला.

पटकथाकार रॉबर्ट टाऊनने हा इतिहास कॅरी मॅकविल्यम्सच्या दक्षिण कॅलिफोर्नियावरच्या पुस्तकात वाचला आणि तो तीसेक वर्षं पुढे सरकवून १९३७मध्ये आणला. चित्रपटातला हॉलिस मलरे हा पाणी खात्याचा मुख्य अभियंता. आधीचं एक धरण फुटून माणसं मेल्याचं त्याच्या मनावर ओझं आहे आणि नवं धरण बांधायला तो नकार देतो. नावासकट मल्होलंडची सावली इथे दिसते. टाऊनने मात्र एका माणसाचे दोन केले. सचोटीचा अर्धा भाग मलरेला दिला आणि हाव त्याच्या सासऱ्याला, नोआ क्रॉसला. दुष्काळात रात्री पाणी समुद्रात सोडणं, वृद्धाश्रमातल्या लोकांच्या नावावर जमिनी घेणं, हा गुप्त कट टाऊनने रचलेला आहे. प्रत्यक्षात इतकं लपवावं लागलं नव्हतं.

जॉन ह्यूस्टनने उभा केलेला क्रॉस पाणी घेतो आणि स्वतःची मुलगीही घेतो. ही मुलगी म्हणजे मलरेची बायको एव्हलिन (फे डनअवे), आणि तिच्या मुलीचा बाप तोच आहे. जमीन, पाणी, लेक, सगळं आपल्याच मालकीचं मानणारा एकच माणूस दोन्ही गुन्ह्यांच्या मुळाशी ठेवणं, ही टाऊनची खरी कमाई. अकरा ऑस्कर नामांकनांपैकी मिळालं ते एकच, मूळ पटकथेचं.

निर्माता रॉबर्ट एव्हान्सने दिग्दर्शनासाठी बोलावलं रोमन पोलान्स्कीला. जन्म १९३३, पॅरिस, बालपण क्राकोव्हमध्ये. आई आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली, मुलगा लपूनछपून वाचला. ऑगस्ट १९६९मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी त्याच्या गरोदर पत्नीचा, शॅरन टेटचा, मॅन्सनच्या टोळीने खून केला. त्याच शहरात तो हा चित्रपट करायला परतला. त्याने नायकाचं निवेदन काढून टाकलं आणि कॅमेरा त्या नायकाला, खासगी गुप्तहेर गिटिसला (जॅक निकल्सन) चिकटवून ठेवला, त्यामुळे गिटिसला कळतं तेवढंच आपल्याला कळतं. टाऊनशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं ते शेवटावरून. टाऊनच्या संहितेत एव्हलिन बापाला मारते आणि मुलगी निसटते. पोलान्स्कीने हट्टाने शेवटचा प्रसंग चायनाटाऊन या शहरातल्या चिनी वस्तीत नेला, एव्हलिनला मारलं आणि मुलगी क्रॉसच्या हाती दिली. पोलान्स्कीचं बरोबर होतं, हे टाऊनने पुढे मान्य केलं. मलाही तसंच वाटतं. क्रॉस मेला असता, तर ओवेन्स खोऱ्याच्या इतिहासाशी ते खोटं ठरलं असतं. तिथे कुणालाच शिक्षा झाली नव्हती. हिंदीतल्या ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ने (२००७) ही कथा राजस्थानात आणली, तेव्हाही पाणी आणि सत्ता यांची ही गाठ तिथे सहज बसली.

‘चायनाटाऊन’नंतर तीन वर्षांनी, १० मार्च १९७७ रोजी, मल्होलंड ड्राइव्हवरच्या निकल्सनच्या घरात (तो तेव्हा तिथे नव्हता) पोलान्स्कीने तेरा वर्षांच्या मुलीला दारू आणि गुंगीची गोळी देऊन तिच्यावर बलात्कार केला. तडजोडीत बाकीचे आरोप वगळले गेले आणि अल्पवयीन मुलीशी बेकायदा संबंध ठेवल्याचा एकच गुन्हा त्याने कबूल केला. मानसिक तपासणीसाठी ४२ दिवस तुरुंगात काढले. न्यायाधीश आणखी कैद देणार असं दिसताच फेब्रुवारी १९७८मध्ये तो युरोपात पळाला. फ्रान्स आपल्या नागरिकाला अमेरिकेच्या हवाली करत नाही. २००३मध्ये ‘द पियानिस्ट’साठी त्याला गैरहजेरीत ऑस्कर मिळालं. २००९मध्ये झुरिकला अटक झाली, पण पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडने त्याला सोडून दिलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला सदस्यत्वावरून काढलं ते २०१८मध्ये. दोन वर्षांनी फ्रान्सने पुन्हा दिग्दर्शनाचा सेझार हा आपला मोठा चित्रपट पुरस्कार दिला, तेव्हा अभिनेत्री आदेल एनेल सभागृहातून उठून निघून गेली.

त्याने भोगलेलं दुःख खरं आहे आणि त्या मुलीवर त्याने केलेला अत्याचार त्या दुःखाने कणभरही हलका होत नाही. चित्रपट अनेकांचा आहे, टाऊनचा तर आहेच, असं म्हणून पोलान्स्कीला बाजूला काढता येईल असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण चित्रपटातला सगळ्यात सच्चा निर्णय, तो शेवट, एकट्या त्याचा आहे. ताकदवान पुरुष मुलीला घेऊन मोकळा सुटतो हे ज्याने टाऊनशी भांडून पडद्यावर आणलं, त्याच्या नावापुढे आपण ‘श्रेष्ठ दिग्दर्शक’ लिहितो, तेव्हा १९७७चा गुन्हाही त्याच वाक्यात लिहिला पाहिजे.