स्थानिक निवडणुकीतल्या खर्चाची तक्रार: कुठे करायची, कधी करायची, काय जोडायचं

"साहेब, मी तर पडलो. पडलेल्या माणसाने कसला हिशेब द्यायचा?"

ग्रामपंचायतीचे निकाल लागून काही महिने गेले की हातात कारणे दाखवा नोटीस घेऊन कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसतंच. तहसीलच्या आवारात मी अर्ज लिहून देतो. त्याच बाकावर दोन दिवसांनी दुसरा कुणी येतो. त्याचं म्हणणं असं, की समोरच्याने वस्तीवर पाकिटं वाटली, चार दिवस जेवणावळी घातल्या आणि हिशेबात दाखवले जेमतेम सतरा हजार. आता त्याचं काय होणार? दोघांनाही माझं उत्तर आवडत नाही. पहिल्याला पाच वर्षं निवडणूक लढवता येणार नाही, असं होऊ शकतं. दुसऱ्याच्या तक्रारीचं काय होईल, ते तिच्यामागे कोणते कागद आहेत यावर ठरतं.

आधी दार नीट ओळखा. लोकसभा आणि विधानसभा दिल्लीच्या भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका या सगळ्या मुंबईतल्या राज्य निवडणूक आयोगाकडे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ के आणि २४३ झेडए खाली हा आयोग वेगळा आहे, १९९४ पासून काम करतो, आणि दोन्ही आयोगांचा एकमेकांच्या निवडणुकीशी संबंध नाही. 'सी-व्हिजिल' अॅप भारत निवडणूक आयोगाचं आहे. सरपंचाच्या निवडणुकीतल्या जेवणावळीचा फोटो त्यावर टाकण्यात अर्थ नाही. आपला अर्ज जातो तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या निवडणूक शाखेत, महापालिका असेल तर आयुक्तांच्या निवडणूक विभागात, आणि प्रत राज्य निवडणूक आयोगाला.

हिशेब कुणी द्यायचा

रिंगणात असलेल्या प्रत्येकाने. जिंकलेल्याने, पडलेल्याने, अनामत गेलेल्याने आणि बिनविरोध आलेल्यानेही. एक रुपया खर्च झाला नसेल तर तसं लिहून द्यायचं, पण कागद द्यायचा. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवस. प्रचारासाठी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं आणि खर्च 'ट्रू व्होटर' या आयोगाच्या अॅपवरही भरता येतो.

मर्यादा किती, हे संस्थेच्या वर्गावर ठरतं. २०२५ च्या नोव्हेंबरात आयोगाने नगरपरिषदांसाठी नवे आकडे जाहीर केले: अ वर्गात थेट नगराध्यक्षाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख, ब वर्गात ११ लाख २५ हजार आणि साडेतीन लाख, क वर्गात साडेसात लाख आणि अडीच लाख, नगरपंचायतीत ६ लाख आणि सव्वा दोन लाख. मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांत नगरसेवकाला १५ लाख, आणि सगळ्यात खालच्या ड वर्गात ९ लाख. ग्रामपंचायतीत सदस्यसंख्येप्रमाणे रक्कम बदलते. तक्रार लिहिताना "मर्यादा ओलांडली" एवढंच लिहू नका. त्या निवडणुकीला लागू असलेल्या आदेशातला आकडा लिहा. जुन्या आदेशाचा आकडा लिहिलेली तक्रार समोरचा वकील पहिल्याच वाक्यात उडवतो.

कायद्याचा हात कुठे पोहोचतो

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ब वाचून बघा. आयोगाने ठरवून दिलेल्या मुदतीत आणि ठरवून दिलेल्या पद्धतीने हिशेब दिला नाही, आणि त्याला सबळ कारण नाही, तर त्या व्यक्तीला आदेशाच्या तारखेपासून ५ वर्षं अपात्र ठरवता येतं. महापालिका अधिनियमात अशाच चुकीला ३ वर्षं आहेत. नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या कायद्यांतही याच धर्तीची कलमं आहेत. ग्रामपंचायतीपुरते हे अधिकार आयोगाने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेत, म्हणून नोटीस तिकडून येते.

आता गंमत बघा. कायद्याने जे नेमकं पकडलंय ते 'हिशेब दिला नाही' हे. 'पैसा उधळला' हे नव्हे. लाखांनी उधळून तिसाव्या दिवशी हिशेबाचा नीट भरलेला नमुना देणारा निवांत झोपतो, आणि आठशे रुपयांची पत्रकं छापून पडलेला पोरगा नमुना द्यायचा विसरला म्हणून अपात्रतेच्या यादीत जातो. हे मला पटत नाही, पण अर्ज लिहिताना हेच ध्यानात ठेवून लिहावं लागतं.

हिशेब दिलाय पण खोटा आहे, असं म्हणणं असेल तर धागा सापडतो तो 'ठरवून दिलेल्या पद्धतीने' या शब्दांत. भोकर मतदारसंघातल्या २००९ च्या निवडणुकीवरून अशोक चव्हाण यांच्या खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की निवडणूक आयोग नुसता कागद आला का एवढंच नाही, तर तो खरा आहे का हेही तपासू शकतो. पुढे आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला ठपका त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही लक्षात असू द्या. ती निवडणूक विधानसभेची आणि कायदाही वेगळा, पण शब्दरचना जवळची असल्यामुळे ग्रामपंचायतीच्या सुनावणीतही वकील हा निकाल काढतात. तुमच्या अर्जातही एका ओळीत यायला हरकत नाही.

अर्ज करण्याआधी हिशेबाची नक्कल काढा

नव्वद टक्के तक्रारदार इथेच चुकतात. (टक्केवारी माझ्या बाकावरची आहे, सरकारी नाही.) समोरच्याने हिशेबात काय दाखवलंय हे न बघताच "खोटा हिशेब" म्हणून मोकळे होतात. निवडणूक शाखेत साध्या अर्जावर नक्कल मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडून तेही माफ, नकलेला पानामागे २ रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवा. मजकूर असा पुरतो:

"मौजे अमुक, ता. अमुक ग्रामपंचायत सार्वत्रिक निवडणुकीत प्रभाग क्र. ३ मधून निवडणूक लढविलेल्या सर्व उमेदवारांनी सादर केलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाच्या, सोबतच्या पावत्यांच्या व बँक खात्याच्या उताऱ्याच्या प्रती, तसेच हिशेब सादर केल्याच्या तारखांची यादी मिळावी."

'सर्व उमेदवारांनी' हे शब्द मुद्दाम. एकट्या माणसाचे कागद मागितले की संध्याकाळपर्यंत त्याला कळतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात चौघं येतात. तारखांची यादी मागायला विसरू नका. कित्येकदा तक्रार तिथेच संपते: हिशेब तिसाव्या दिवसानंतर आलेला असतो, आणि मग जेवणावळ सिद्ध करत बसायची गरज उरत नाही.

तक्रारीला काय जोडायचं

कुणीही मतदार तक्रार देऊ शकतो, आणि तक्रार नसली तरी कार्यालय स्वतःहून नोटीस काढू शकतं. तुम्ही त्याच गावचे मतदार असाल तर वजन पडतं. म्हणून मतदार यादीतल्या आपल्या नावाच्या पानाची प्रत आणि ओळखपत्राची प्रत जोडा. त्यामागे मिळवलेल्या हिशेबाची नक्कल, आणि ज्या नोंदीवर आक्षेप आहे तिच्यावर पेनाने खूण.

मग पुरावा. समजा हिशेबात 'मंडप: निरंक' आहे आणि तुमच्याकडे सभेचा फोटो आहे. फोटोखाली तारीख, वेळ, ठिकाण, कुणी काढला, कुठल्या फोनवर, हे लिहा. फोटोत किती खुर्च्या दिसतात ते मोजा. निवडणुकीच्या काळात खुर्ची, लाउडस्पीकर, रिक्षा, चहा, वडापाव यांची दरसूची प्रशासन ठरवतं. तिची प्रत मिळवा आणि गुणाकार करून दाखवा. अधिकाऱ्याला "प्रचंड खर्च केला" यातून काही लिहिता येत नाही. "२०० खुर्च्या, दरसूचीप्रमाणे इतके रुपये, हिशेबात शून्य" यातून येतं. पत्रक असेल तर मूळ पत्रक ठेवा. त्याच्या तळाला मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या असायला हवी. नसेल तर तो वेगळा मुद्दा, आणि असेल तर छापलेल्या प्रती आणि हिशेबातलं छपाईचं बिल लगेच ताडून बघता येतं.

व्हिडिओचं सगळ्यांना फार कौतुक. व्हॉट्सअॅपवर पाच गावं फिरून आलेला व्हिडिओ सुनावणीत टिकत नाही. ज्याने काढला त्याचा फोन आणि त्याचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते द्यायला तो तयार नसेल तर व्हिडिओवर फार भिस्त ठेवू नका.

सोबत शपथपत्र लावलंत तर बरं. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. आवाराबाहेर कुणी "पाचशेचा बाँड लागतो" म्हणालं तर दोन पावलं पुढे चला. आणि आवक शाखेत शिक्का, तारीख, आवक क्रमांक असलेली पोच आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पैसे वाटले असतील तर

हा खर्चाचा नाही, लाच देण्याचा गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं कलम १७३, एक वर्षापर्यंत कैद. पण तो अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून वाटप चालू असतानाच आचारसंहितेच्या पथकाला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवणं महत्त्वाचं; रोकड जागेवर पंचनाम्यात आली तर आली. आणि एक गोष्ट लोकांना सांगितली की बाकावर शांतता पसरते: कलम १७० प्रमाणे पैसे घेणाराही तितकाच दोषी. "मलाही दिले होते" असं साक्षीत लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याने त्याच्या प्रचारावर खर्च केला तर कलम १७६, दहा हजारांपर्यंत दंड. यात दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला दहा दिवसांत उमेदवाराची मंजुरी घेण्याची सवलत आहे. दहा रुपयांत आता कटिंग चहाही मिळत नाही, पण इंग्रजांच्या काळची ती सवलत नव्या संहितेतही आली. हिशेबच न ठेवण्याला कलम १७७ खाली पाच हजारांपर्यंत दंड.

निवडणूकच रद्द करायची असेल तर

अर्जाने होत नाही. अनुच्छेद २४३ ओ प्रमाणे पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने. ग्रामपंचायतीसाठी कलम १५ खाली निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात. उमेदवार किंवा तिथला मतदार, कुणीही करू शकतो. महापालिकेला तर १० दिवसच. आता तारखा मांडा. याचिकेला १५ दिवस, हिशेबाला ३० दिवस. म्हणजे समोरचा हिशेबात काय दाखवणार हे कळायच्या आधी तुमची मुदत संपलेली असते. त्यामुळे पैसेवाटपावरून निवडून आलेल्याचं पद घालवायचं असेल तर पुरावा मतदानाच्या दिवशी तयार हवा आणि वकील निकालाच्या आठवड्यात. महिनाभराने माझ्याकडे येणाऱ्याला मी खर्चाच्या हिशेबाची तक्रार लिहून देतो, पण याचिकेची आशा दाखवत नाही.

तक्रारीनंतर काय होतं

तहसीलदारांकडून अहवाल मागवला जातो, समोरच्याला कारणे दाखवा नोटीस निघते, मग सुनावणीची तारीख. तारखा पडतात. दर वेळी हजर राहा आणि म्हणणं लेखी द्या. तोंडी बोललेलं रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, कसं उतरेल याचा भरवसा नाही. नोटीस आलेल्याच्या विरोधात आदेश गेला तर त्याला कलम १४ब च्या दुसऱ्या पोटकलमाखाली अपात्रता काढून टाकण्याची किंवा कमी करण्याची मागणी करता येते, त्यापुढे उच्च न्यायालय. नांदेड जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की अपात्रतेचा काळ चुकीच्या प्रमाणात असावा, सरसकट पाच वर्षं नव्हे. नोटीस आलेल्यांनी हा निकाल उत्तराला जोडावाच.

त्या "मी तर पडलो" म्हणणाऱ्याकडे परत येतो. त्याला आधी विचारलं, मुदतीत काही दिलं होतं का? म्हणाला, काहीतरी एक कागद दिला होता, तलाठ्याच्या पोरासोबत गेलो होतो. पोच? नाही. मग दहा मिनिटांनी त्याच्या पुतण्याच्या फोनमध्ये, लग्नाच्या फोटोंच्या मधोमध, भरलेल्या नमुन्याचा फोटो सापडला. कोपऱ्यात निळा गोल शिक्का, तारीख एकोणतिसावा दिवस. शिक्क्यातला आवक क्रमांक अर्धा पुसट होता. आम्ही उत्तरात तो दिसतो तसा लिहिला आणि त्या तारखेच्या आवक नोंदवहीची तपासणी मागितली.